सॉकेटात बसला म्हणजे चालला असं नाही

"दादा, प्रोसेसर बसलाय. लॉक पण बरोबर लागलाय. पंखा फिरतोय, पण डिस्प्ले येईना." जुन्या मदरबोर्डाबद्दल मला येणारे बहुतेक फोन याच वाक्याने सुरू होतात. फोन करणारा कोल्हापूरच्या राजारामपुरीत खोली घेऊन शिकणारा एखादा पोरगा असतो, नाहीतर इचलकरंजीचा, कागलचा, गडहिंग्लजचा कुणीतरी. घरातल्या जुन्या पीसीत त्याने कुठूनतरी मिळवलेला, जरा वरच्या दर्जाचा प्रोसेसर घातलेला असतो. खाचा जुळल्या, पिना जुळल्या, मग चालायला हरकत काय, असं त्याचं म्हणणं असतं. म्हणणं रास्त आहे. म्हणूनच या विषयावर एकदा सविस्तर लिहायचं खूप दिवस मनात होतं.

एलजीए ७७५ हे सॉकेट, म्हणजे प्रोसेसर बसवायची खोबण, घ्या. २००४ साली ते आलं तेव्हा त्यात पेंटियम ४ बसायचा. मग पेंटियम डी आला. २००६ च्या जुलैत कोअर टू ड्युओ आला, पाठोपाठ चार कोअरचा क्वाड, आणि २००८ च्या सुरुवातीला ४५ नॅनोमीटरचा ई ८४००. सगळे त्याच ७७५ बारीक तारांवर टेकणारे. पण २००५ चा बोर्ड २००८ चा प्रोसेसर चालवेल का, हे सॉकेटाकडे बघून कळत नाही. आपल्याला किती व्होल्ट हवेत हे प्रोसेसर काही ठरावीक पिनांवरून बोर्डाला सांगत असतो. कोअर टूची सांगायची पद्धत पेंटियम ४ पेक्षा नवी होती. ती समजणारा व्हीआरएम, म्हणजे प्रोसेसरला वीज पुरवणारा बोर्डाचा भाग, ज्या बोर्डावर नव्हता तिथे कोअर टू उठतच नाही. म्हणून ९४५ चिपसेटच्या (प्रोसेसरला रॅमशी आणि बाकीच्या भागांशी जोडणाऱ्या चिपांच्या) काही बोर्डांवर कोअर टू मस्त चालला आणि काहींवर नाही. चिपसेट एकच, डबाही जवळजवळ सारखाच. फरक कुठे होता? बोर्डाच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात छापलेल्या रिव्हिजन नंबरात. माझ्याकडे येणाऱ्या कुणालाही मी मॉडेल विचारण्याआधी तो नंबर वाचायला लावतो.

दुसरी अडचण बसच्या वेगाची. ९४५ चा चिपसेट १०६६ च्या फ्रंट साइड बसपर्यंत, म्हणजे प्रोसेसर आणि चिपसेटमधल्या रस्त्याच्या तेवढ्या वेगापर्यंत, जातो, ई ८४०० ला १३३३ लागते (हे चौपट करून सांगितलेले आकडे, मूळ बस २६६ आणि ३३३). त्यासाठी २००७ चा जी ३१ किंवा त्यापुढचा चिपसेट हवा. या दोन्ही मर्यादा खऱ्या आहेत. त्या तांब्यात आणि सिलिकॉनमध्ये कोरलेल्या आहेत, कितीही हुशारी केली तरी हटत नाहीत आणि त्यांच्याशी वाद घालण्यात अर्थ नाही.

मर्यादेचा तिसरा प्रकार मात्र वेगळा आहे. ती मर्यादा कुणीतरी लिहिलेली असते. मला जे सांगायचंय ते तिच्याबद्दल.

पॉवरचं बटण दाबल्यावर प्रोसेसरला काहीच ठाऊक नसतं. रॅम कुठे आहे, किती आहे, स्क्रीन आहे की नाही, काही नाही. तो फक्त एका ठरलेल्या पत्त्यावर जाऊन पहिली आज्ञा वाचतो. इंटेलच्या वळणाच्या प्रोसेसरांत ३८६ नंतर हा पत्ता चार जीबीच्या हद्दीच्या सोळा बाइट अलीकडे असतो आणि तिथे बोर्डाने बायोसची, म्हणजे पीसी सुरू करणाऱ्या मूळ प्रोग्रॅमची, चिप जोडून ठेवलेली असते. बायोस जागा झाला की समोर बसलेल्या प्रोसेसरला त्याची ओळख विचारतो, कुटुंब कोणतं, मॉडेल कोणतं, स्टेपिंग, म्हणजे त्या मॉडेलची सुधारित आवृत्ती, कोणतं. मग आपल्या पोटातल्या यादीत ती ओळख शोधतो. सापडली तर त्या प्रोसेसरसाठीचा मायक्रोकोड, म्हणजे त्याच्या आतल्या आज्ञांची दुरुस्ती, त्याच्यात भरतो, व्होल्टेज आणि बस ठरवतो आणि पुढे सरकतो. नाही सापडली तर काही बोर्ड 'अननोन सीपीयू' असं म्हणून कसेबसे चालू होतात, काही मायक्रोकोड भरता आला नाही म्हणून एफ वन दाबायला सांगतात आणि बरेचसे काळी स्क्रीन दाखवून गप्प बसतात. पंखा फिरतोय पण डिस्प्ले येत नाही, त्यामागे अनेकदा एवढंच असतं. यादीत नाव नसतं.

हा मायक्रोकोड बाहेरून भरण्याची सोय आली ती एका मोठ्या गोंधळानंतर. १९९४ साली थॉमस नाइसली या गणिताच्या प्राध्यापकाच्या लक्षात आलं की पेंटियम काही ठरावीक भागाकार चुकवतो. इंटेलला चिपा बदलून द्याव्या लागल्या आणि त्यापोटी ४७.५ कोटी डॉलर बाजूला काढावे लागले. १९९५ च्या पेंटियम प्रोपासून प्रोसेसरच्या आतल्या आज्ञा बाहेरून दुरुस्त करण्याची सोय आली. ही दुरुस्ती वीज गेली की पुसली जाते, म्हणून बायोस ती प्रत्येक वेळी नव्याने भरतो. म्हणजे तुमच्या बोर्डाला एखादा प्रोसेसर 'चालतो' याचा अर्थ पुष्कळदा एवढाच, की बोर्ड बनवणाऱ्या कंपनीतल्या कुणीतरी काही किलोबाइटचा तुकडा त्या फाइलीत घालण्याची तसदी घेतली. घेतली नाही, तर चांगला धडधाकट बोर्ड आणि चांगला धडधाकट प्रोसेसर एकमेकांसमोर अनोळखी म्हणून बसून राहतात. मला याचं मनापासून वाईट वाटतं. दोन्ही वस्तूंत खोट नसते.

ओव्हरक्लॉकिंगची, म्हणजे प्रोसेसर छापील वेगापेक्षा जास्त पळवण्याची, गोष्टही इथूनच सुरू होते, कारण प्रोसेसरवर छापलेला वेग हीदेखील बऱ्याच अंशी लिहिलेली मर्यादा असते. एकाच साच्यातून निघालेल्या चिपा तपासून, बाजाराची मागणी बघून, त्यांच्यावर वेगवेगळे आकडे घातले जातात. १९९८ चा सेलेरॉन ३०० ए हे याचं जगभर गाजलेलं उदाहरण. ६६ मेगाहर्ट्झची बस गुणिले साडेचार म्हणजे ३०० मेगाहर्ट्झ. ४४० बीएक्स चिपसेटच्या बोर्डावर बस १०० केली की तोच प्रोसेसर ४५० वर चालायचा आणि महागड्या पेंटियम टू ४५० च्या तोडीस तोड काम करायचा. यात नशिबाचा भाग होता, तसा हिशेबाचाही होता. बीएक्स चिपसेटला १०० ची बस अधिकृतपणे मान्य होती, त्यामुळे पीसीआयचा, म्हणजे जोडकार्डांच्या खाचांचा, वेग भागाकार करून बरोबर ३३ वरच राहायचा. हार्डडिस्क, साउंड कार्ड यांना काहीच जाणवायचं नाही. बस ११२ केली की पीसीआय ३७ वर जायची आणि तिथून कटकटी सुरू व्हायच्या. त्यानंतर एएमडीच्या ड्युरॉन आणि थंडरबर्ड अ‍ॅथलॉनवर पेन्सिलीच्या शिशाने बारीक पूल जोडून मल्टिप्लायर, म्हणजे बसच्या वेगाला गुणणारा आकडा, मोकळा करणारे लोक आले. पेन्सिल आणि स्थिर हात, एवढ्यावर काम व्हायचं.

माझा स्वतःचा काळ पेंटियम ड्युअल कोअरचा. ई २१४०, २०० गुणिले आठ, १.६ गिगाहर्ट्झ. कॉलेजच्या पोरांना परवडणारा. बस २६६ केली की तो २.१३ वर जायचा आणि बरा बोर्ड असेल तर ३३३ वर २.६६. ज्या स्वस्त बोर्डांच्या बायोसमध्ये बस बदलायची सोयच नव्हती, त्यांच्यासाठी प्रोसेसरच्या पोटाखालच्या एका टिकलीची, म्हणजे सपाट संपर्कबिंदूची, जोडणी बदलायची युक्ती होती. बस किती ठेवायची हे प्रोसेसर तिथून बोर्डाला सांगतो. तो निरोप बदलला की बोर्ड आपोआप २६६ धरतो.

माझे मामा शिवाजी उद्यमनगरात टर्नर होते. ऑइल इंजिनाचे सुटे भाग त्यांनी आयुष्यभर काढले. मी काय करतोय हे त्यांना सांगितलं तेव्हा कॉम्प्युटर या वस्तूला त्यांनी कधी हातही लावला नव्हता. पण त्यांनी लगेच विचारलं, "फेरं वाढवलं की बेअरिंग तापणारच की. त्येला तेल पोचतंय का बघितलंस?" पुस्तकातलं सगळं ओव्हरक्लॉकिंग त्या एका प्रश्नात आहे. लेथचा स्पिंडल जास्त फेऱ्यांवर घातला की आवाज, कंप, उष्णता आणि कटिंगची सफाई या चारही गोष्टी बघायच्या असतात. इथेही तेच. चिपमधली उष्णता वेगाच्या पटीत वाढते, पण व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत वाढते. क्यू ६६०० हा क्वाड २.४ वरून ३ गिगाहर्ट्झवर नेला तर वेग सव्वापट झाला. व्होल्टेज तेवढंच ठेवता आलं तर उष्णताही साधारण सव्वापटच. पण स्थिर राहावा म्हणून व्होल्टेज दहा टक्के चढवलं की उष्णता दीडपटीवर जाते. ही दीडपट उष्णता फक्त प्रोसेसरची झाली. तेवढी वीज पुरवणारे व्हीआरएमचे मॉस्फेट आणि कपॅसिटर यांच्यावरचा ताण वेगळा, आणि स्वस्त बोर्डावर त्यांच्या डोक्यावर हीटसिंकसुद्धा नसतो.

मंगळवार पेठेत माझा एक मित्र लग्नाच्या शूटिंगचं मिक्सिंग करायचा. एप्रिल-मे म्हणजे त्याचा हंगाम. कॅसेटांचा ढीग, प्रत्येकाला अल्बमबरोबरच डीव्हीडी हवी, आणि रेंडर लावला की रात्र संपायची. त्याच्या क्यू ६६०० वर आम्ही ३३३ ची बस लावली आणि तो ३ गिगाहर्ट्झवर चालवला. त्याच्या नशिबाने प्रोसेसर जी ० स्टेपिंगचा होता. पहिल्या बी ३ स्टेपिंगची मजल १०५ वॅटची, याची ९५ ची, त्यामुळे व्होल्टेज न वाढवता काम भागलं. आधी रात्रभर ताण देणारी चाचणी लावली, पेस्ट नवीन लावली, डब्याची बाजूची पत्री काढून टाकली. रात्री लावलेला रेंडर सकाळी तो दुकानात यायच्या आधी तयार असायचा. त्या हंगामात त्याने जास्तीची कामं घेतली. ओव्हरक्लॉकिंग म्हणजे पोरांचा खेळ असं कुणी म्हटलं की मला त्याचं ते दुकान आठवतं. चार पैसे जास्त मिळवण्यासाठी आपल्याच मशीनमधून जास्त काम काढून घेणं हा प्रामाणिक उद्योग आहे.

बायोस अपडेटची गोष्ट वेगळी आणि ती सांगताना त्या वर्षांचं भारनियमन सांगावंच लागेल. फ्लॅश करणं म्हणजे चिपमधला जुना मजकूर पुसून नवा लिहिणं. पुसलं गेलं आणि लिहून व्हायच्या आधी वीज गेली, तर पुढच्या वेळी प्रोसेसर त्या ठरलेल्या पत्त्यावर जातो आणि तिथे त्याला काही सापडत नाही. बोर्ड डेड. २००५ नंतरची काही वर्षं आमच्याकडे लाइट जाण्याची वेळ छापून यायची खरी, पण ती त्या वेळेलाच जाईल आणि त्या वेळेलाच येईल याचा भरवसा नव्हता. म्हणून शिस्त अशी होती की लाइट नुकतीच आलेली असताना काम हाती घ्यायचं, यूपीएसची बॅटरी आधी भार देऊन तपासायची आणि ओव्हरक्लॉक असेल तर सगळं मूळ सेटिंगवर आणायचं. फाइल ज्या फ्लॉपीवर किंवा पेनड्राइव्हवर आहे तिथून परत वाचून बघायची. विंडोजमधून फ्लॅश करायच्या सोयी आल्या होत्या, पण मी डॉसमधून किंवा बायोसच्या स्वतःच्या मेनूतूनच करत आलो. मध्येच अँटिव्हायरस जागा होण्याची जागा ही नव्हे.

डेड म्हणून भंगारात गेलेले कितीतरी बोर्ड खरं तर जिवंत असतात. जुन्या बायोसमध्ये बूट ब्लॉक नावाचा एक छोटा भाग असतो, तो नेहमीच्या फ्लॅशिंगमध्ये सहसा पुसला जात नाही. तो शाबूत असेल तर फ्लॉपीवर योग्य नावाची फाइल ठेवून बोर्ड परत उठवता येतो. एएमआयच्या बायोसमध्ये कंट्रोल आणि होम धरून ठेवायचं, फ्लॉपीचा दिवा लागला की निम्मं काम झालं. बूट ब्लॉकही गेला असेल तर चिप काढून दुसऱ्या बोर्डावर लिहायची. तेव्हा आमच्याकडे प्रोग्रॅमर नसायचा. त्याच मॉडेलचा चालू बोर्ड घ्यायचा, डॉसपर्यंत सुरू करायचा, वीज चालू असतानाच त्याची चिप सॉकेटातून काढून मेलेली चिप तिथे बसवायची आणि फ्लॅश करायचा. श्वास रोखून करायचं काम. तैवानच्या चेन इंग-हाऊने १९९८ मध्ये लिहिलेला सीआयएच व्हायरस २६ एप्रिल १९९९ ला जगभर उसळला, तेव्हा हार्डडिस्कबरोबर बायोसही पुसला गेलेले कितीतरी बोर्ड असेच परत उभे केले गेले. आज सीएच ३४१ ए नावाचा छोटासा प्रोग्रॅमर अगदी स्वस्तात मिळतो. चिमटा चिपवर लावायचा, आधी जुना मजकूर वाचून घ्यायचा, दोनदा वाचायचा, दोन्ही फाइली तंतोतंत जुळल्या तरच पुढे जायचं. चिप १.८ व्होल्टची असेल तर मधला अडॅप्टर लागतोच, त्याशिवाय हात लावू नये.

आता ज्या कामामुळे हा विषय माझ्यासाठी छंदाच्या बाहेर गेला ते सांगतो. कोल्हापूर फाउंड्र्यांचं गाव आहे. शिरोलीला, गोकुळ शिरगावला बीड ओतणारे कारखाने आहेत आणि त्यातल्या बऱ्याच ठिकाणी स्पेक्ट्रो असतो. भट्टीतून नमुना काढायचा, घासून सपाट करायचा, स्पेक्ट्रोवर ठेवायचा. ठिणगी पडते आणि कार्बन, सिलिकॉन, मँगनीज, गंधक, फॉस्फरस यांचे आकडे स्क्रीनवर येतात. त्या आकड्यांवर हीट, म्हणजे वितळलेल्या धातूची ती खेप, पास होते. मशीन लाखांचं, पंधरा-वीस वर्षं सहज चालणारं. पण त्याला जोडलेला पीसी त्या काळातला, एक्सपीवरचा, आणि मशीनचं कार्ड पीसीआय खाचेत बसणारं. एका फाउंड्रीतला असा पीसी उन्हाळ्यात दुपारी बंद पडायला लागला म्हणून मला बोलावलं. लॅबचा सुपरवायझर म्हणाला, "पीसी नवा आणला तर कार्ड बसंना. कंपनीवाले म्हणत्यात मशीनच नवं घ्या. मालक म्हणत्यात आधी ह्येला बघा."

आत पेंटियम डी होता. ९५ वॅटचा, दोन कोअरचा, त्या पिढीच्या सगळ्या प्रोसेसरांसारखा गरम. हीटसिंकच्या पात्यांत काळी धूळ घट्ट बसलेली, आणि फाउंड्रीची धूळ घरातल्या धुळीसारखी नसते, तिच्यात ग्रॅफाइट आणि लोखंडाची पूड असते, ती वीज वाहते. एसजी आयर्नची, म्हणजे मॅग्नेशियम घालून चिवट केलेल्या बिडाची, हीट असेल तर मॅग्नेशियम घातल्यावर त्याचा परिणाम मिनिटामिनिटाला उतरत जातो. अशा वेळी आकडे यायला उशीर झाला तर लॅडलमधला, म्हणजे ओतायच्या भांड्यातला, धातू वाट बघत थांबत नाही, तो पिग करावा, म्हणजे माल न करता नुसत्या लाद्यांत ओतून टाकावा, लागतो. त्या खोलीत पीसीचं हँग होणं म्हणजे कुणाचा तरी वितळवलेला, विजेचं बिल भरलेला माल वाया जाणं.

बोर्ड ९४५ चा होता. रिव्हिजन वाचला. त्या रिव्हिजनला नंतरच्या बायोसमध्ये कोअर टू चालतो असं यादीत होतं, म्हणजे व्हीआरएम नव्या पद्धतीचा होता आणि उरली होती ती फक्त लिहिलेली मर्यादा. ६५ वॅटचा ई ६३०० घालता येणार होता. कोअर दोनाचे दोनच राहणार, त्यामुळे एक्सपीचा हॅल, म्हणजे हार्डवेअरशी बोलणारा विंडोजचा थर, बदलण्याची भानगडही नव्हती. आधी हार्डडिस्कची हुबेहूब प्रत दुसऱ्या डिस्कवर घेतली. मग चिपमधला मूळ मजकूर वाचून ठेवला. मग जुनाच प्रोसेसर बोर्डावर असताना बायोस अपडेट केला. हा क्रम फार महत्त्वाचा आहे. नवा प्रोसेसर आधी बसवला तर बोर्ड उठत नाही आणि उठल्याशिवाय फ्लॅश करता येत नाही. फुगलेले कपॅसिटर बदलले, तेही १०५ अंशांच्या दर्जाचे. १९९९ ते २००७ या काळातल्या किती बोर्डांचे कपॅसिटर असे डोक्यावर फुगून फुटले याची गणतीच नाही, इलेक्ट्रोलाइटच सदोष होता. शेवटी ई ६३०० बसवला.

पहिल्या सुरुवातीला स्क्रीनवर प्रोसेसरचं पूर्ण नाव आलं, तेव्हा तिथे उभ्या असलेल्या कुणालाच त्यात काही विशेष वाटलं नाही आणि वाटायचं कारणही नव्हतं. त्यांना आकडे हवे होते, ते आले. मे महिन्यात तो पीसी दुपारीही चालू राहिला. तिथल्या एका पोराने मला विचारलं की हा २.३ वर चालेल का, त्याने कुठेतरी वाचलं होतं. प्रोसेसरला जमलं असतं, पण त्यासाठी १३३३ ची बस लागते आणि ९४५ तिथवर जात नाही. जात असता तरी मी केला नसता. मिक्सिंगच्या दुकानात रेंडर अडकला तर परत लावता येतो. लॅबमध्ये आकडा चुकला तर तो कुणाच्या तरी ट्रॅक्टरच्या सुट्या भागात जाऊन बसतो. ज्या मशीनच्या उत्तरावर दुसरा माणूस डोळे मिटून विश्वास ठेवणार आहे ते मशीन ओव्हरक्लॉक करू नये, या बाबतीत मी ठाम आहे.

लिहिलेल्या मर्यादा कशा असतात याची अलीकडची उदाहरणं बघितली की माझा संताप होतो. इंटेलचं ११५१ सॉकेट २०१५ मध्ये आलं. २०१७ मध्ये आठव्या पिढीचे प्रोसेसर आले, त्यांच्या टिकल्या तेवढ्याच, जागा तीच. पण जुन्या १०० आणि २०० मालिकेच्या बोर्डांवर ते चालणार नाहीत असं जाहीर झालं. कारण वीजपुरवठ्याचं सांगितलं गेलं. पुढे हौशी लोकांनी बदललेला बायोस आणि काही टिकल्यांवर चिकटपट्टी एवढ्यावर जुन्या बोर्डांवर ते प्रोसेसर चालवून दाखवले. मग मर्यादा कुठे होती? एएमडीनेही २०२० मध्ये रायझनची नवी पिढी ४०० मालिकेच्या बोर्डांवर चालणार नाही असं आधी सांगितलं. तिथे एक खरी अडचणही होती, अनेक एएम ४ बोर्डांची बायोस चिप १६ एमबीची आणि त्यात सगळ्या पिढ्यांचा मजकूर मावेना. लोकांनी आवाज उठवल्यावर कंपनीने निर्णय फिरवला, जुन्या प्रोसेसरांचा मजकूर काढून नव्यांना जागा केली, आणि २०२२ मध्ये तर २०१७ च्या ३०० मालिकेच्या बोर्डांपर्यंत ही सोय नेली. पाच वर्षांपूर्वीच्या बोर्डावर नुसत्या एका फाइलीने त्या वर्षीचा ताजा प्रोसेसर चालायला लागला. ग्राहकाने खर्च केलेल्या पैशांचा याहून चांगला मान राखलेला मी या धंद्यात पाहिलेला नाही.

आणि फाइलीच गायब व्हायला लागल्या तर? अबिट ही ओव्हरक्लॉकिंगवाल्यांची लाडकी कंपनी २००८ अखेर बंद झाली. २०१९ मध्ये इंटेलने आपल्या जुन्या बोर्डांचे बायोस आणि ड्रायव्हर साइटवरून काढायला घेतले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये पंचगंगेचं पाणी शाहूपुरीच्या कुंभार गल्लीत, दुधाळीत, शुक्रवार पेठेत शिरलं. पूर ओसरल्यावर पोत्यांतून पीसी यायला लागले. सॉकेटात गाळ, पोर्टांत गाळ. स्वच्छ पाण्याने धुवून, आयपीएने (आयसोप्रोपिल अल्कोहोलने) पुसून, दिवसेंदिवस वाळवून काही उठले. बरेच उठले नाहीत, व्हिया, म्हणजे बोर्डाचे थर जोडणारी बारीक छिद्रं, आतून गंजून गेल्या होत्या. पण त्यांच्या बायोसच्या चिपा? आठ पायांच्या त्या काळ्या तुकड्यांना पाण्याने फारसं काही केलं नव्हतं. मी त्या एकेक करून वाचून घेतल्या. कुठल्याही साइटवर आता न मिळणाऱ्या आवृत्त्या त्यात निघाल्या आणि त्यातल्या काहींनी नंतर दुसरे बोर्ड उठवले. तेव्हापासून दुरुस्तीला आलेल्या प्रत्येक बोर्डाची चिप मी आधी वाचतो आणि मॉडेल, रिव्हिजन, तारीख घालून साठवतो. एक सांगायला हवं, दुसऱ्याच्या बोर्डाचा मजकूर जसाच्या तसा आपल्यावर लिहू नये. बऱ्याच बोर्डांत नेटवर्कचा मॅक नंबर आणि सिरियल त्याच चिपमध्ये असतात, आणि एखादं सॉफ्टवेअर त्या नंबराला बांधलेलं असलं की ते उघडायचं बंद होतं. म्हणून स्वतःची मूळ प्रत आधी.

काही दारं मात्र कायमची बंद होतात. विंडोज ११ च्या २०२४ च्या आवृत्तीला एसएसई ४.२ या संचातल्या आज्ञा लागतात आणि कोअर टू घराण्यात त्या नाहीत. ४५ नॅनोमीटरच्या ई ८४०० लाही ४.१ पर्यंतच येतं. कुठलाही बायोस त्या आज्ञा आत घालू शकत नाही. ही तांब्या-सिलिकॉनची मर्यादा, इथे मी लोकांना स्पष्ट सांगतो की लिनक्स घाला, नाहीतर इंटरनेटला न जोडता एकाच कामाला ठेवा. २०१८ मध्ये मेल्टडाउन आणि स्पेक्टर या प्रोसेसरमधल्या सुरक्षेच्या त्रुटी बाहेर आल्यावर इंटेलने कोअर टूच्या काळातल्या चिपांसाठी मायक्रोकोड काढणार नाही असंही सांगून टाकलं आहे, तेव्हा नेटबँकिंगसाठी असा पीसी वापरू नका.

सध्या टेबलावर एक एच ६१ चा बोर्ड आहे. कुरुंदवाडच्या एका शाळेचा. त्यांना कुणीतरी तिसऱ्या पिढीचा आय ५ दिलाय आणि बोर्डाचा बायोस २०११ चा, त्याला दुसऱ्या पिढीपलीकडचं काही ओळखता येत नाही. अपडेट करायला आधी दुसऱ्या पिढीचा प्रोसेसर हवा, आणि तो शाळेकडे नाही. २०१८ मध्ये एएमडीने अशाच अडचणीतल्या ग्राहकांना अपडेटपुरता ए ६-९५०० हा छोटा प्रोसेसर उसना पाठवायची सोय केली होती. ती कल्पना मला इतकी पटली की मीही एक डबा करून ठेवलाय. त्यात ७७५ साठी एक पेंटियम ४ आणि एक ई २१४०, ११५५ साठी दुसऱ्या पिढीचा एक सेलेरॉन, ११५१ साठी सहाव्या पिढीचा एक पेंटियम आणि एएम ४ साठी पहिल्या पिढीचा एक रायझन आहे. शिवाय फडकं, पेस्टची ट्यूब आणि सीआर २०३२ चे दोन-चार सेल. कोल्हापुरात कुणाचा बोर्ड अशा यादीपायी अडला असेल तर त्याने यावं, लागेल तो प्रोसेसर न्यावा, अपडेट करावा आणि परत आणून द्यावा. येताना आपल्या बोर्डाची बायोस फाइल पेनड्राइव्हवर घेऊन आलात तर तीही साठ्यात घालीन.